‘श’ आला की फाईल अडते : जोडणी नसताना डेटाबेससाठी मजकूर सुरक्षित कसा लिहायचा

पावसाळा लागला की गगनबावड्याच्या बाजूने मला एक फोन येतोच. कुंभीला पूर येतो, मांडुकलीजवळ पाणी रस्त्यावर चढतं, लाईट जाते, रेंज जाते. दूध संस्थेतलं संकलन मात्र सकाळ-संध्याकाळ चालूच असतं. संस्थेतल्या संगणकाला तेव्हा कोल्हापूरचा सर्व्हर लागत नाही, म्हणून संकलनाचा प्रोग्रॅम दिवसभराच्या नोंदींची एक एसक्यूएल फाईल, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञांची फाईल, तयार करून ठेवतो. रस्ता मोकळा झाला की ती पेन ड्राइव्हवर घालून कुणीतरी दुधाच्या टेम्पोतून शहरात पाठवतं आणि इथं ती मायएसक्यूएल या डेटाबेसवर चढवली जाते. चढवताना फाईल मधेच थांबते. चूक क्रमांक 1064, म्हणजे आज्ञेची रचनाच चुकली.

"मॅडम, परत शिंद्यांच्या नावावरच अडकलंय बघा," सचिव सांगतात.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला तो योगायोग वाटला. पण पुढं दुसऱ्या संस्थेत शेळके अडले, तिसऱ्या संस्थेत शिवाजी अडले. पाटील, कांबळे, चौगुले सुरळीत जायचे. मग एकदा इथल्या कुणीतरी फाईल थांबू नये म्हणून ‘फोर्स’चा पर्याय लावून ती चढवली. हा पर्याय अडलेल्या आज्ञा वगळून पुढं जातो, त्यामुळे फाईल पूर्ण गेली असं सगळ्यांना वाटलं. दहा दिवसांनी दूधबिलं निघाली आणि शिंद्यांच्या आक्का संस्थेच्या दारात येऊन बसल्या. "आवो, दूध तर मी रोज घातलंय, पावती हाय माझ्याकडं. मग माझंच बिल का न्हाई?" त्या प्रश्नाला माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं. हे लिहिण्याचं कारण तोच प्रश्न आहे. ज्यांच्याकडे अशी फाईल तयार होते, त्यांनी स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये हे आजच तपासावं असं मला मनापासून वाटतं.

‘श’मध्ये काय दडलंय

संस्थेतला जुना प्रोग्रॅम युनिकोडच्या आधीचा आहे. नावं कृतिदेव 010 या फाँटमध्ये भरलेली आहेत. कृतिदेव म्हणजे इंग्रजी कीबोर्डच्या चिन्हांना देवनागरीचा मुखवटा. पडद्यावर आपल्याला मराठी दिसतं, पण फाईलमध्ये साधी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. या फाँटमध्ये अर्धा ‘श’ म्हणजे सिंगल कोट आणि अर्धा ‘ष’ म्हणजे डबल कोट. त्यापुढं ‘के’ हे अक्षर आलं की अक्षर पूर्ण होतं.

म्हणजे पडद्यावर ‘शिंदे’ दिसतं, पण फाईलमध्ये क्रमाने असतं : एफ, सिंगल कोट, के, ए, एन, एस. एसक्यूएलमध्ये मजकूर सिंगल कोटच्या जोडीत ठेवतात. त्यामुळे डेटाबेस नाव वाचायला लागतो, एफपर्यंत पोचतो, पुढचा कोट दिसतो आणि नाव संपलं असं समजतो. उरलेलं ‘के ए एन एस’ त्याला आज्ञेचा भाग वाटतं. ते त्याला कळत नाही आणि तो 1064 देतो. संदेशात ‘जवळ’ म्हणून जो तुकडा छापून येतो, तो नेमका हा उरलेला भाग असतो. तो तुकडा कृतिदेवमध्ये टाकून बघितला की कुठलं नाव आहे ते लगेच समजतं.

आज ती चूक दिसते, कारण नावाचा उरलेला भाग निरर्थक आहे. उद्या कुणी जाणूनबुजून नावाच्या रकान्यात कोट टाकून त्यापुढं टेबल पुसण्याची आज्ञा लिहिली, तर तीही याच वाटेने आत जाईल. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. आपल्या जिल्ह्यात शाहूपुरीपासून शिरोळपर्यंत ‘श’ काही कमी नाही, त्यामुळे आपल्याला हे भोक फार लवकर दिसलं एवढंच.

नावं युनिकोडमध्ये असली म्हणजे सुटलो असंही नाही. आजऱ्या-चंदगडच्या बाजूला डी'सोझा आडनावाचे उत्पादक असतात. पत्त्यात घर क्रमांक ‘214\2’ असा बॅकस्लॅश देऊन लिहिणारे पुष्कळ आहेत. आणि हा दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा घातक आहे, कारण तो ओरडत नाही. मायएसक्यूएल बॅकस्लॅशला ‘पुढचं अक्षर खास आहे’ अशी खूण समजतो. पुढं ओळखीचं अक्षर नसेल तर बॅकस्लॅश नुसता गाळून टाकतो. ‘214\2’ चं गुपचूप ‘2142’ होतं. शेवटी बॅकस्लॅश असेल, म्हणजे ‘214\’, तर तो मजकूर बंद करणारा कोटच गिळतो आणि पुढच्या रकान्यातला मजकूर आज्ञेत मोकळा पडतो.

फंक्शनला जोडणी कशाला हवी?

फाईल लिहिणारा भाग पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत होता, तोही जुन्या 5च्या आवृत्तीवर. काही संस्थांत त्यात ‘मायएसक्यूएल रिअल एस्केप स्ट्रिंग’ हे फंक्शन वापरलं होतं. एस्केप करणं म्हणजे मजकुरातल्या कोटसारख्या चिन्हांना अशी खूण लावणं, की डेटाबेस त्यांना मजकूरच समजेल. वापरणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण या फंक्शनला डेटाबेसशी उघडी जोडणी लागते. ती नसेल तर ते स्वतःच त्याच मशिनवरच्या मायएसक्यूएलशी जोडून घ्यायचा प्रयत्न करतं. तेही जमलं नाही तर एक इशारा देतं आणि ‘असत्य’ परत करतं. तो ‘असत्य’ मजकुरात जोडला की रिकामी जागा तयार होते. संस्थेच्या संगणकावर इशारे दाखवणं बंद होतं, म्हणून कुणालाच काही दिसलं नाही. फाईलमध्ये नावांच्या जागी नुसते दोन कोट गेले.

माझ्या राजारामपुरीतल्या टेबलावर मात्र सगळं नीट चालायचं. कारण माझ्या संगणकावर चाचणीसाठी बिनपासवर्डचा मायएसक्यूएल चालू असायचा आणि फंक्शन गुपचूप त्याला जाऊन चिकटायचं. ‘इथं चालतं, तिथं चालत नाही’ या तक्रारीत माझे दोन आठवडे गेले. तुमच्याकडे असं होत असेल, तर आधी आपल्या मशिनवरचा डेटाबेस बंद करून प्रोग्रॅम चालवून बघा.

पीएचपी 7 मध्ये, म्हणजे 2015 साली, ते जुनं एक्स्टेंशनच काढून टाकलं. त्याच्या जागी आलेलं मायएसक्यूएलआयचं फंक्शनही जोडणी मागतंच. मागण्यामागं हट्ट नाही. एस्केप करताना ते सर्व्हरला काही विचारायला जात नाही, पण दोन गोष्टी त्याला जोडणीकडूनच कळतात : मजकूर कुठल्या कॅरेक्टर सेटमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या कुठल्या पद्धतीत, आहे, आणि सर्व्हर बॅकस्लॅशला मानतो की नाही.

कॅरेक्टर सेटचं उदाहरण नेहमी चिनी जीबीके लिपीतलं देतात, कारण ते खरंच डोळे उघडणारं आहे. समजा हल्लेखोराने बीएफ आणि 27 असे दोन बाइट पाठवले (हे आकडे हेक्समधले, म्हणजे 0 ते 9 आणि ए ते एफ अशा सोळा अंकांच्या पद्धतीतले). 27 म्हणजे सिंगल कोट. लिपी न बघता एस्केप करणारं फंक्शन कोटच्या आधी बॅकस्लॅश घालतं, त्याचा बाइट 5सी. आता क्रम झाला बीएफ, 5सी, 27. जीबीकेमध्ये बीएफ आणि 5सी मिळून एक पूर्ण अक्षर होतं! म्हणजे आपण घातलेला पहारेकरी बॅकस्लॅश अक्षराच्या पोटात गेला आणि कोट मोकळा राहिला. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटमध्ये लिहिण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, असं होऊ शकत नाही. त्यात एकाहून जास्त बाइटच्या अक्षराचा कुठलाही बाइट 80 च्या खाली येत नाही. आपला ‘श’ म्हणजे ई0, ए4, बी6. यात 27ही नाही आणि 5सीही नाही. देवनागरी युनिकोडमध्ये ठेवण्याचा हा फायदा फार कमी जण सांगतात.

दुसरी गोष्ट सर्व्हरच्या एसक्यूएल मोडची. ‘नो बॅकस्लॅश एस्केप्स’ हा मोड चालू असेल तर मायएसक्यूएल बॅकस्लॅशला साधं अक्षर मानतो. मग कोटच्या आधी घातलेला बॅकस्लॅश नुसता उभा राहतो आणि कोट मजकूर बंद करून टाकतो. संस्थेतल्या संगणकाला हे कळायला मार्गच नाही.

हे उपाय करू नका

कोट काढून टाकणे. आमच्याकडे एकाने हाच उपाय केला होता. फाईल चढली. बिलावर ‘शिंदे’च्या जागी ‘िांदे’ आणि ‘संतोष’च्या जागी ‘संतोा’ छापून आलं. माणसाचं नाव मोडून त्याला बिल देणं मला तरी पटत नाही, आणि बँक तर ते नाव घेणारच नाही.

दोनदा एस्केप करणे. एकदा प्रोग्रॅमने, एकदा ‘सुरक्षेसाठी’ नंतर. डेटाबेसमध्ये बॅकस्लॅश कायमचा बसतो. कृतिदेवमध्ये बॅकस्लॅश म्हणजे प्रश्नचिन्ह, त्यामुळे छापील नावात मधेच ‘?’ दिसतं. कृतिदेवच्या नावात प्रश्नचिन्ह दिसलं की आधी दुहेरी एस्केप तपासा, फाँट नंतर.

अ‍ॅडस्लॅशेस. पीएचपीचं हे फंक्शन फक्त कोट, बॅकस्लॅश आणि शून्य बाइट बघतं. लिपी, मोड यांचा त्याला पत्ता नाही.

एसक्यूलाइटची युक्ती. ही बऱ्याच हुशार पोरांना सुचते : जोडणीच हवी ना, मग मेमरीत एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस उघडायचा आणि पीडीओचं, म्हणजे पीएचपीच्या डेटाबेसशी बोलणाऱ्या भागाचं, ‘कोट’ फंक्शन वापरायचं. जोडणी मिळते, फंक्शन चालतं, डी'सोझाही नीट जातात. पण एसक्यूलाइट फक्त सिंगल कोट दुप्पट करतो, बॅकस्लॅशला हात लावत नाही. मजकुरात आधी बॅकस्लॅश आणि मग कोट असेल, तर निकालात बॅकस्लॅशपुढं दोन कोट येतात. मायएसक्यूएल बॅकस्लॅश आणि पहिला कोट मिळून एक साधा कोट वाचतो, आणि दुसऱ्या कोटने मजकूर बंद करतो. दार पुन्हा उघडं. ज्या डेटाबेसवर फाईल चढणार, त्याच डेटाबेसचे नियम पाहिजेत.

मग करायचं काय

माझं ठाम मत असं आहे की जिथं जोडणी नाही, तिथं आज्ञा लिहूच नये. तिथं फक्त माहिती लिहावी. संस्थेतून एसक्यूएल न पाठवता नोंदी पाठवाव्यात, आणि आज्ञा कोल्हापुरात, जिथं सर्व्हरशी जोडणी आहे, तिथं तयार व्हावी. तिथं प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरता येतं. त्यात आज्ञेचा सांगाडा आधी जातो आणि किमती वेगळ्या जातात. किमतीतला कोट कधी आज्ञेपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे एस्केपचा प्रश्नच उरत नाही.

आम्ही एका नोंदीला एक ओळ अशी जेसनची फाईल करतो. जेसन म्हणजे माहिती साध्या मजकुरात लिहिण्याची ठरलेली पद्धत. संस्था क्रमांक, सभासद कोड, तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, शेरा. कोट आणि बॅकस्लॅश कसे लिहायचे हे जेसन लिहिणारी लायब्ररी स्वतः बघते. हाताने ओळी जोडू नका म्हणजे झालं. सीएसव्ही मी टाळते. फाईल पोचण्याआधी वाटेत कुणीतरी ती एक्सेलमध्ये उघडतं आणि सेव्ह करतं, मग 0118 या कोडचा 118 होतो.

दुसरं कारण जास्त मोठं आहे. पेन ड्राइव्ह तीन-चार हातांतून येतो. एसक्यूएल फाईल चढवणं म्हणजे त्या फाईलमध्ये जे लिहिलंय ते सगळं सर्व्हरकडून करून घेणं. माहितीची फाईल असेल तर फार तर माहिती चुकेल, टेबल पुसलं जाणार नाही. चढवण्यासाठी वापरायच्या खात्यालाही फक्त नोंद घालण्याचा अधिकार द्या.

इथल्या बाजूला पीडीओ वापरत असाल तर दोन गोष्टी बघा. मायएसक्यूएलसाठी पीडीओ आपणहून प्रिपेअर्ड स्टेटमेंटचं नक्कल रूप वापरतो, म्हणजे आतून एस्केपच करतो. ती नक्कल बंद करा. आणि जोडणीच्या ओळीतच कॅरेक्टर सेट यूटीएफ8एमबी4 (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-8) लिहा. नुसतं ‘सेट नेम्स’ चालवल्याने सर्व्हरला लिपी कळते, पण आपल्या बाजूच्या लायब्ररीला कळत नाही. पीएचपी 5.3.6 च्या आधी जोडणीच्या ओळीतला कॅरेक्टर सेट वाचलाच जात नव्हता, म्हणून जुन्या मशिनवर यावर भरवसा ठेवू नका.

एसक्यूएल फाईलच द्यावी लागत असेल तर

काही ठिकाणी समोरचा फक्त एसक्यूएल फाईल घेतो, आपलं काही चालत नाही. तेव्हा मी मजकूर कोटात ठेवतच नाही, हेक्समध्ये लिहिते.

मायएसक्यूएलमध्ये एक्स हे अक्षर आणि त्यापुढं सिंगल कोटात हेक्स अंक, असं लिहिलं की ते बाइट जसेच्या तसे घेतले जातात. त्याच्या आधी अंडरस्कोर देऊन यूटीएफ8एमबी4 लिहायचं, म्हणजे हे बाइट त्या लिपीतला मजकूर आहेत असं डेटाबेसला कळतं. ते विसरलात तर तो त्याला मजकूर न मानता नुसता बाइनरी ऐवज मानतो. ‘शिंदे’ हे युनिकोडमध्ये पाच चिन्हं, पंधरा बाइट, म्हणजे तीस हेक्स अंक. सुरुवात अशी : ई0ए4बी6 हा ‘श’, ई0ए4बीएफ ही पहिली वेलांटी. हेक्स अंक फक्त सोळा. त्यात ना कोट, ना बॅकस्लॅश. त्यामुळे सर्व्हरचा मोड कुठलाही असो, मजकुरातलं काहीही बाहेर निसटू शकत नाही. फाईल मोठी होते, पण एका संस्थेच्या दिवसभराच्या नोंदी किती असणार?

दोन बारकावे. अंकांची संख्या सम पाहिजे, नाहीतर चूक येते. आणि रिकाम्या शेऱ्यासाठी एक्सपुढं दोन कोट असं लिहिता येतं; शून्य-एक्स ही दुसरी पद्धत वापरली तर रिकामा मजकूर लिहिता येत नाही. म्हणून मी कोटवालीच पद्धत धरते. जिथं माहितीच नाही, तिथं कोटाशिवाय ‘नल’ लिहायचं. रिकामा शेरा आणि नसलेला शेरा एक नाहीत.

लिटर, फॅट, एसएनएफ यांना कोटही नको आणि एस्केपही नको. तिथं तपासणी हवी : अंक आणि एक दशांश चिन्ह याशिवाय काही असेल तर नोंद बाजूला काढायची. कोट नसलेल्या जागी एस्केप फंक्शन काहीच वाचवत नाही, कारण तिथं निसटायला कोट लागतच नाही. टेबलाचं किंवा रकान्याचं नाव प्रोग्रॅमबाहेरून येत असेल, तर आपल्या ठरलेल्या यादीत आहे का एवढंच बघा.

तारीख-वार सगळं ठीक, पण हेक्स वाचता येत नाही, अशी तक्रार येते. खरी आहे. फाईल उघडून डोळ्यांनी तपासणाऱ्यासाठी मी प्रत्येक ओळीआधी टिप्पणी म्हणून फक्त सभासद कोड आणि लिटर लिहिते. नाव लिहीत नाही, कारण टिप्पणीत गेलेला मजकूर परत एस्केप करायची वेळ येते.

हेक्सही चालत नसेल आणि स्वतःच एस्केप फंक्शन लिहायचं असेल, तर अटी पक्क्या करा. मजकूर यूटीएफ-8 असल्याची खात्री बाइट तपासून करा. फाईलच्या पहिल्या ओळींत ‘सेट नेम्स यूटीएफ8एमबी4’ आणि या सत्रापुरता एसक्यूएल मोड ठरवून टाका. मायएसक्यूएलडम्पच्या फाईलीही अशाच सुरू होतात. मजकूर सिंगल कोटातच ठेवा, डबल कोटात नाही, कारण ‘अँसी कोट्स’ मोडमध्ये डबल कोट म्हणजे रकान्याचं नाव. बदलायची चिन्हं सात : शून्य बाइट, ओळ बदलणारी दोन, बॅकस्लॅश, सिंगल कोट, डबल कोट आणि 26 क्रमांकाचं कंट्रोल-झेड. सगळे बदल एकाच फेरीत करा. एकामागून एक केले आणि बॅकस्लॅशचा नंबर शेवटी आला, तर आपणच घातलेले बॅकस्लॅश पुन्हा दुप्पट होतात.

सिंगल कोटच्या आधी बॅकस्लॅश घालण्यापेक्षा कोट दुप्पट करणं बरं. सर्व्हर बॅकस्लॅश मानणारा असो वा नसो, दुप्पट कोट दोन्हीकडे आतच राहतो. मोड उलटा निघाला तर फार तर जादा बॅकस्लॅश साठवले जातील, पण दार उघडणार नाही.

कंट्रोल-झेडबद्दल थोडं जास्त सांगते, कारण फॉक्सप्रोच्या काळातल्या माहितीत तो हमखास भेटतो. डॉसमध्ये तो फाईल संपल्याची खूण होता. सकाळची आणि संध्याकाळची फाईल जोडताना तो मधेच राहिला, तर विंडोजवर मायएसक्यूएल फाईल वाचताना तिथंच थांबतो. कुठलीही चूक दिसत नाही. अर्धी फाईल गेलेली असते आणि सगळे निर्धास्त असतात. म्हणून आता प्रत्येक फाईलच्या शेवटी एकूण ओळी आणि एकूण लिटर लिहिलेलं असतं, आणि चढवल्यावर ते जुळवल्याशिवाय मी कुणाला ‘झालं’ म्हणत नाही.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी एवढंच : तिथं 9.1 या आवृत्तीपासून, म्हणजे 2011 पासून, साध्या कोटातला बॅकस्लॅश मुळातच साधं अक्षर असतो, त्यामुळे कोट दुप्पट करणं पुरतं. ती सेटिंग कुणी बदललेली नाही एवढं बघा. पायथॉनमधून पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या सायकोपीजी 2 या लायब्ररीत जोडणीशिवाय मजकूर कोट करायला गेलात तर तो लॅटिन-1 धरून चालतो आणि देवनागरीवर एन्कोडिंगची चूक देतो. एन्कोडिंग यूटीएफ-8 सांगितलं की चालतो. सायकोपीजी 3 मध्ये जोडणीच्या जागी ‘नन’ देऊनही मजकूर तयार करता येतो.

कृतिदेव आधी, एस्केप नंतर

हा क्रम चुकला तर वरचं सगळं वाया जातं. आधी कृतिदेवमधून युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग जेसन किंवा हेक्स. आधी एस्केप केलं आणि मग रूपांतर केलं, तर रूपांतर करणारा प्रोग्रॅम आपल्या बॅकस्लॅशचं प्रश्नचिन्ह करतो, दुप्पट कोटचे दोन अर्धे ‘श’ करतो आणि खुद्द मजकूर बंद करणाऱ्या कोटचाही ‘श’ करून टाकतो. आणि पूर्ण फाईलला रूपांतर लावू नका, फक्त नाव आणि शेरा या रकान्यांना लावा. नाहीतर आज्ञेतली इंग्रजी अक्षरंही देवनागरी होतात.

रूपांतरानंतर नावांची यादी छापून सचिवांना वाचायला द्या. रूपांतराच्या प्रोग्रॅमला रफार आणि पहिल्या वेलांटीची जागा कधी कधी चुकते. ‘सुर्यवंशी’ की ‘सूर्यवंशी’ हे गावातला माणूसच सांगू शकतो.

तपासणीसाठी मी प्रत्येक नव्या संस्थेत खोट्या सभासदांची एक छोटी यादी आधी पाठवून बघते. एक शिंदे, एक संतोष, एक डी'सोझा. एकाचा घर क्रमांक ‘214\2’, एकाचा शेवटी बॅकस्लॅश. एकाच्या शेऱ्यात बॅकस्लॅश आणि लगेच कोट, म्हणजे एसक्यूलाइटच्या युक्तीसारखी भोकं उघडी पडतात. एकाच्या शेऱ्यात दोन ओळी, एकाच्या शेऱ्यात मोबाइलवरचं हसरं चिन्ह. ते चार बाइटचं असतं आणि मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ8’मध्ये मावत नाही, तिथं यूटीएफ8एमबी4च लागतं. ही यादी गेली, परत वाचली आणि बाइट-बाइट जुळली, तरच खरी माहिती.

जुन्या नुकसानीचं काय? एसक्यूएल फाईली फेकून दिल्या नसतील तर गेलेल्या नोंदी परत मिळवता येतात. आम्ही प्रत्येक जुन्या फाईलमधले सभासद कोड आणि तारखा काढल्या, डेटाबेसमधल्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि ज्या नव्हत्या तेवढ्याच नव्या रस्त्याने चढवल्या. संस्था, सभासद, तारीख आणि वेळ या चौघांवर युनिक की लावली, म्हणजे एकच फाईल दोनदा चढली तरी दूध दुप्पट होत नाही. रिकाम्या नावांच्या नोंदी सभासद कोडवरून भरल्या. ‘2142’ झालेले घर क्रमांक मात्र कुठल्याही फाईलवरून खात्रीने सुधारता येईनात, म्हणून सचिव रजिस्टर घेऊन घरोघरी गेले.

आक्कांच्या तीन बिलांमधल्या एकूण सदतीस नोंदी सापडल्या. त्यांनी पावत्यांची पिशवी आणली होती. सचिवांनी एकेक पावती वाचली, मी पडद्यावर एकेक ओळ बघितली. सदतीसच्या सदतीस जुळल्या, आणि फरकाचं बिल त्याच बाजाराच्या दिवशी निघालं.